खंडेनवमीचा लोखंडी कलश

युद्ध कधी योग्य असू शकतं का, या प्रश्नावर माझं मत कॉलेजात असल्यापासून पक्कं आहे, निदान होतं. नाही म्हणजे नाही. नवीन पनवेलला आमच्या सोसायटीखाली चहाचं दुकान आहे. रविवारी सकाळी तिथे दोन-चार टाळकी जमतात आणि पेपरात कुठेही बॉम्ब पडलेला दिसला की माझी गाडी सुरू होते. ज्याचा जीव जातो त्याला कुणी विचारलेलं नसतं आणि जे ठरवतात त्यांच्या घरचं कुणी जात नाही, एवढ्या दोन खुंट्यांवर मी तासभर बोलू शकतो. घरात चोर शिरला तर काय करशील, असं कुणीतरी दर वेळी विचारतंच. माझं उत्तरही ठरलेलं असतं. चोराला धरायला मी त्याच्या अख्ख्या गावावर रॉकेल ओतणार नाही. लोक हसतात, मी जिंकतो आणि आम्ही आपापल्या घरी पोहे खायला जातो.

घरीही टीव्हीसमोर माझं हेच चाललेलं असे. अशा वेळी बायको उठून आत जायची. कधी कुकर लावायचा असे, कधी कपडे वाळत घालायचे असत. तिला या विषयांची आवड नाही, असं मी धरून चाललो होतो. लग्नाला इतकी वर्षं झाली की माणूस बरंच काही धरून चालतो.

तिचं माहेर साताऱ्याकडचं. त्या भागात घरटी एक माणूस पलटणीत असतो, तसा तिचा धाकटा भाऊ होता. मला दाजी म्हणायचा. सुट्टीवर आला की एक-दोन दिवस आमच्याकडे पनवेलला मुक्काम असायचा आणि त्यातला अर्धा वेळ तो माझ्या वर्कशॉपमध्ये लेथसमोर उभा राहून काढायचा. लोखंडाची साल दोरीसारखी निघताना बघत बसायला त्याला फार आवडे. एकदा त्याने गावातल्या पोरांसाठी माझ्याकडून लोखंडी भोवरे करून घेतले होते, आणि ते इतके जड झाले की एकालाही ते फिरवता येईना, असं त्याने नंतर हसत हसत फोनवर सांगितलं. आमच्या लग्नानंतर काही वर्षांनी सीमेवरच्या डोंगरात लढाई झाली, तिच्यात तो गेला. पुढे त्याच्याबरोबरचा एक जवान मुद्दाम वाट वाकडी करून माहेरच्या घरी आला, तेव्हा आम्ही दोघंही तिथे होतो. सकाळची वेळ होती, चहा उकळत होता आणि त्यांच्या ठाण्यावर तोफेचा गोळा पडला, एवढं त्याने सांगितलं. सासूबाईंनी त्याला जेवायला वाढलं आणि तो मान खाली घालून जेवला.

मला त्या पोराचा लळा होता. तो गेल्यावर मी पुष्कळ रडलो. पण माझ्या डोक्यात तो एका कप्प्यात होता आणि युद्ध दुसऱ्या. चहाच्या दुकानात मी युद्धाला शिव्या द्यायचो तेव्हा मला तो आठवत नसे, आणि तो आठवला की युद्ध आठवत नसे. हे विचित्र आहे खरं, पण तसं होतं.

माझं वर्कशॉप कळंबोलीत, लोखंड बाजाराच्या मागच्या गल्लीत. चार लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल आणि काचेची एक केबिन. पंपांचे शाफ्ट, जासईकडच्या कंटेनर यार्डांतल्या क्रेनच्या पिना, बुश, असलं काम. फोरमन जवळच्याच कोन गावचा. त्यांची जमीन रस्त्यांत आणि प्लॉटांत गेली, त्याचा बंगला माझ्या फ्लॅटच्या चौपट आहे, दारात माझ्यापेक्षा मोठी गाडी आहे. तरी बाबा रोज सकाळी डबा घेऊन हजर. घरी बसून करू काय, म्हणतो. मी त्याचा शेठ, हे तो माझ्यावर उपकार केल्यासारखं चालवून घेतो.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात सीमेवर पुन्हा तणाव वाढला. आमच्याकडे सायरनची आणि दिवे बंद करण्याची तालीम झाली. सोसायटीच्या ग्रुपवर सूचनांचा पाऊस पडला, आणि दिवे गेल्यावर निम्मी सोसायटी गॅलरीत येऊन मोबाइलचे टॉर्च लावून अंधाराचे फोटो काढायला लागली. युद्धाच्या गोष्टी लांबून रम्य, म्हणतात ते खोटं नाही. मी गॅलरीत उभा राहून यावर मनसोक्त टिंगल केली. बायको खुर्चीवर बसून होती. दिवे आल्यावर बघितलं तर तिने पदराचं टोक बोटाला घट्ट गुंडाळून घेतलं होतं. 

तो तणाव निवळला, पावसाळा सरला आणि भाद्रपदाच्या शेवटी एका मोठ्या कारखान्याचा माणूस वर्कशॉपला आला. सभ्य गृहस्थ. त्याने मशिनं बघितली, फोरमनने नुकताच उतरवलेला एक शाफ्ट हातात घेऊन फिरवून बघितला आणि केबिनमध्ये येऊन दार लावून घेतलं. त्यांच्याकडे तोफगोळ्यांच्या कवचांचं काम वाढलं होतं. घडवलेले पोकळ तुकडे ते आणून देणार, आम्ही ते बाहेरून आणि आतून कातून मापात आणून द्यायचे, पुढचं सगळं त्यांच्याकडे. परवाने त्यांचे, तपासणी त्यांची, काम वर्षानुवर्षं पुरेल इतकं. नमुना म्हणून एक तयार कवच त्याने टेबलावर ठेवलं. हातभर उंच, गोल, पोकळ, वर निमुळतं होत गेलेलं, तोंड उघडं. काम इतकं सुरेख होतं की माझा हात आपोआप त्याच्यावरून फिरला. दसऱ्यानंतर येतो, तेव्हा हो की नाही सांगा आणि तोवर कारागिरांत चर्चा नको, एवढं सांगून तो गेला.

मी नमुना गुंडाळायला काही सापडतंय का बघितलं. कपाटात पाटावर घालायचं नवं लाल कापड होतं, त्यातच तो बांधला आणि लोखंडी कपाटावर, गणपतीच्या तसबिरीशेजारी ठेवून दिला. याला हात लावायचा नाही, असं फोरमनला बजावून ठेवलं. का, ते सांगितलं नाही.

आता खरं म्हणजे मी लगेच नाही म्हणायला हवं होतं. इतकी वर्षं चहावर जे बोललो त्याला जागायची ती वेळ होती. पण काम मोठं होतं, बाजार मंदावलेला होता आणि नकार द्यायला माझी जीभ रेटत नव्हती. मग मला एक युक्ती सुचली. घरी सांगायचं. जिचा भाऊ तोफगोळ्याने गेला ती बाई असल्या कामाला हो म्हणणं शक्यच नाही. ती नाही म्हणेल, मी तिच्या भावनेचा मान राखून नकार कळवेन, सुंठीवाचून खोकला जाईल. बोलायचं कसं याची मी गाडी चालवताना तालीमसुद्धा केली.

ती गवार मोडत बसली होती. मी सगळं सांगितलं, शेवटी गंभीर चेहरा करून, तुला काय वाटतं, असंही विचारलं. तिने शेंगांची शीर काढत काढत सांगितलं की घ्या काम.

मला वाटलं तिला नीट कळलं नाही. मी पुन्हा समजावून सांगितलं की हे पंपाचं काम नव्हे, तोफगोळ्याचं आहे. कळलंय मला, असं ती म्हणाली. तिच्या भावाच्या जागी आज दुसरी पोरं उभी आहेत, त्यांना काही कमी पडायला नको, आपल्या हातचं त्यांच्यापर्यंत काही जात असेल तर जाऊ दे, असं तिचं म्हणणं. मी माझी ठेवणीतली सगळी अस्त्रं बाहेर काढली. तिकडेही कुणाची तरी पोरं आहेत, गोळा कुणावर पडतो ते गोळ्याला कळत नाही, एकाने केलं म्हणून दुसऱ्याने करायचं ठरवलं की त्याला अंत नाही. ती ऐकत होती. या वेळी ती उठून आत गेली नाही. माझं बोलून झाल्यावर तिने मोडलेली गवार एका बाजूला सारली.

"तुम्ही लढाई चूक म्हणता ना," ती म्हणाली, "तेव्हा मला एवढंच ऐकू येतं, की माझा भाऊ फुकट गेला."

मी म्हणालो की असं मी कधीही म्हटलेलं नाही.

"रोज म्हणता," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. मीठ संपलंय, हे सांगावं तशी ती बोलली. आणि मग भाजी फोडणीला टाकायला गेली.

त्यानंतरचे दिवस नवरात्राचे. आमच्यात भांडण नव्हतं, अबोला नव्हता. डबा वेळेवर, चहा वेळेवर. पण मी पुरता अडकलो होतो. काम नाकारलं तर माझी तत्त्वं सांभाळली जाणार होती आणि तिच्या दृष्टीने मी तिच्या भावाच्या मरणावर फुली मारणार होतो. घेतलं तर इतक्या वर्षांची माझी बडबड म्हणजे नुसतीच वाफ होती, हे मला रोज लेथसमोर उभं राहून बघावं लागणार होतं. आणि तिसरी वाट दिसत नव्हती.

त्या दिवसांत मी रविवारी चहाला गेलो नाही. गाडीत, केबिनमध्ये, अंघोळ करताना मी स्वतःशीच वाद घालत होतो आणि पहिल्यांदाच हरत होतो. चोराचं उदाहरण इतकी वर्षं मी हसण्यावारी नेलं होतं, पण चोर खरंच शिरला आणि दारात दुसराच कुणी उभा असला, विशीतला, आपला मेहुणा असला, तर त्याच्या हातात काही असावं की नसावं?  नसावं म्हणायची हिंमत नव्हती. असावं म्हटलं, तर ते कुणीतरी करून द्यायला हवं. मग ते मी का नको आणि शेजारच्या गल्लीतला दुसरा का चालेल? आमच्या बाजारात रोज ट्रकच्या ट्रक लोखंड उतरतं. त्यातून पूल होतात, खिडक्यांच्या जाळ्या होतात, आणखीही काय काय होत असेल. मी आजवर कुठला लोखंडी बार कुठे गेला ते विचारलं नव्हतं. हात ओले न करता मासे खाणाऱ्यांतला मी, हे मला त्या आठवड्यात फार स्पष्ट दिसलं. अष्टमीपर्यंत माझं मन काम घेण्याकडे झुकलं होतं. पटलं म्हणून झुकलं की तिच्यासाठी, हे सांगता येणार नाही.

मग खंडेनवमी आली. या दिवशी शस्त्रांची पूजा, आणि आम्हा मशिनवाल्यांची शस्त्रं म्हणजे अवजारं. वर्षात हाच एक दिवस असा की कळंबोलीत एकही मशिन फिरत नाही. आदल्या दिवशी डिझेलने सगळं पुसून काढायचं, लोखंडाचा चुरा भरून टाकायचा, आणि सकाळी झेंडूच्या माळा, आंब्याची पानं, रांगोळी. पाटावर हातोडी, पाने, कानस, माप घ्यायचे व्हर्निअर मांडायचे, मध्ये कलश ठेवायचा आणि कारागिरांच्या वहिनीसाहेबांनी, म्हणजे माझ्या बायकोने येऊन प्रत्येक वस्तूला हळदकुंकू वाहायचं. ड्रिलच्या बिटालाही हळदकुंकू, तेलाच्या डब्यालाही, टेम्पोच्या चारही चाकांनाही. मांडामांड फोरमनची. त्यात तो कुणाला बोट लावू देत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा सगळी तयारी झालेली होती. बायको हातात पूजेचं तबक घेऊन पुढे, मी पेढ्यांचा पुडा घेऊन मागे. फोरमन नव्या झब्ब्यात हात जोडून उभा होता, चेहऱ्यावर मोठं कौतुक.

"या, वयनी. कलस भरून ठेवलाय," तो म्हणाला. "तांब्याचा तांब्या पार चेपला व्हता. शेटनी नवा आनून ठेवलाय, लाल कपड्यात, देवाजवल. मला बोलले हात लावू नको. मी बोललो, आज नाय लावायचा तर कवा?"

पाटावर ते लाल कापड अंथरलेलं होतं. त्याच्यावर, सगळ्या अवजारांच्या बरोबर मधोमध, तोफगोळ्याचं ते कवच उभं. अंगावर हळदीकुंकवाची बोटं उमटवलेली, गळ्यात झेंडूची माळ, तोंडात आंब्याची पाच पानं आणि वर शेंडीचा नारळ. दिसत होतं छान, ते नाकारून चालणार नाही. कुठल्याही देवळात शोभलं असतं.

माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, की अरे, यात पाणी भरलंस की काय. मला दुसरं काही सुचलंच नाही. परक्याचा नमुना, चकचकीत कातलेला, आतून गंज धरला तर त्या माणसाला तोंड कसं दाखवायचं, हेच डोक्यात आलं. माणूस कुठल्या वेळी काय बोलेल याचा भरवसा नाही. फोरमन गोंधळून म्हणाला की पाणी तर भरणारच, कलश आहे.

बायकोने माझ्याकडे बघितलं, मग त्या कवचाकडे, आणि मी सांगितलेला नमुना तो हाच, हे तिला कळलं. तिने तबक लेथवर ठेवलं. मला वाटलं आता ती म्हणेल, चांगलं केलंत, यालाच ओवाळते. ती घ्या म्हणालेली होती, पोरांना कमी पडायला नको म्हणालेली होती. तिच्यासाठी याहून योग्य पूजा कोणती? तिने ओवाळलं असतं तर मीही हात जोडले असते, तेवढी माझी तयारी झालेली होती.

तिने वाकून नारळ काढला. पानं एकेक करून काढून बाजूला ठेवली. माळ काढली. मग ते कवच दोन्ही हातांनी उचललं. ते जड असतं, तिला एका दमात उचललं गेलं नाही. मी पुढे झालो तर तिने मानेनेच नको म्हटलं. दारापाशी बदामाचं झाड आहे, त्याच्या बुंध्याशी तिने सगळं पाणी ओतलं. परत येऊन स्टुलावर बसली, ते मांडीवर आडवं घेतलं आणि पदराने पुसायला लागली. बाहेरून पुसलं, हळदकुंकू काढलं, मग पदराचं टोक आत घालून आतून पुसलं.  काय चाललंय ते कारागिरांना कळत नव्हतं.

आत हात असतानाच ती थांबली. हे इतकं जाड कशाला करतात, असं तिने मला विचारलं. दारू भरायला पातळ डबा पुरला नसता का?

आता काय सांगायचं. मी सांगितलं. दारू फुटते ती याला फोडायला. फुटल्यावर याचेच शेकडो तुकडे उडतात आणि लागतात ते तेच. दारू हे काम करत नाही, लोखंड करतं. म्हणून जाडी मापात लागते, कमी नाही आणि जास्त नाही, आणि म्हणूनच ते आमच्यासारख्यांकडून कातून घेतात. मी हे सगळं व्यवसायाच्या आवाजात सांगितलं, गिऱ्हाईकाला शाफ्टचं माप सांगावं तसं, कारण दुसऱ्या आवाजात मला ते जमलं नसतं.

ती इतकी वर्षं समजत होती की तिचा भाऊ स्फोटाने गेला. भडका उडाला आणि गेला, क्षणात. ते लोखंड असतं, कुणीतरी लेथवर कातून मापात आणलेलं, हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी मशिनवाला, मला तो जवान सांगत होता तेव्हाच माहीत होतं.

तिने हात बाहेर काढला. कवच मांडीवरच होतं आणि तळहात त्याच्यावर.

"त्याच्यावर जो पडला," ती म्हणाली, "तोही असाच कुणीतरी पुसून दिला असेल."

फोरमनचा चेहरा उतरला. तो तिच्या भावाला ओळखत होता. भोवरे त्यानेच कातले होते. त्याला सगळं एकदम उमगलं. तो पुढे आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "वयनी, चुकला आमचा. मला वाटला कलस." ती म्हणाली, तुमचं काही चुकलं नाही. मग त्याने विचारलं की हे आता अवजारांत मांडायचं का, नमुना असला तरी याला हळदकुंकू लावायचं का.

"नाही," ती म्हणाली. "हे करायची वेळ आली तर करू. पण याला कुंकू नको. याला ओवाळायचं नाही."

फोरमनने तो चेपलेला तांब्या शोधून काढला, चिंचेने घासून आणला आणि पूजा झाली. तिने दरवर्षीप्रमाणे सगळ्यांना कुंकू लावलं, हातोडीला, व्हर्निअरला, तेलाच्या डब्याला. कारागिरांना पेढे दिले, त्यांच्या बायकापोरांची चौकशी केली. कवच केबिनमध्ये टेबलाखाली होतं, या वेळी जुन्या पोत्यात गुंडाळलेलं. मी चहाच्या दुकानात वर्षानुवर्षं जे सांगू बघत होतो ते तिने त्या दोन-चार वाक्यांत सांगून टाकलं होतं, आणि ते माझ्या मतासारखं अजिबात नव्हतं. मी म्हणायचो युद्ध चूक. टीव्हीवरचे म्हणायचे युद्ध पवित्र. एखादी गोष्ट करावी लागेल आणि तरीही ती पूजेला लायक नसेल, ही जागा मला कधी दिसलीच नव्हती. तिच्या डोक्यात ती केव्हापासून होती कोण जाणे. मला तिचा हेवा वाटला आणि थोडी लाजही वाटली.

घरी निघालो. ट्रक टर्मिनलपाशी सगळे ट्रक धुऊन, माळा घालून उभे होते, चाकांखाली लिंबं फुटत होती आणि रस्ता तुंबलेला. गाडी मुंगीच्या पावलाने चालली होती. मी म्हणालो की परवा तो माणूस येईल, त्याला मी हो सांगतो. तू म्हणालीस तेच बरोबर आहे, कुणीतरी करायलाच हवं आणि आपण नीट करू.

ती खिडकीतून बाहेर बघत होती.  मग म्हणाली की तुम्हाला एक विचारू का. मी म्हटलं विचार.

"तो फुकट गेला, असं तुम्ही म्हटलेलं नाही, म्हणालात. मग तो फुकट गेला नाही, असं तरी कधी म्हटलंत?"

मी आठवून बघितलं. श्राद्धाला गेलो होतो, फोटोला हार घातला होता, सासूबाईंना धीर दिला होता, गावात त्याच्या नावाची कमान झाली तेव्हा पहिल्या रांगेत बसलो होतो. पण हे एक वाक्य मी कधीच बोललो नव्हतो. कारण ते बोललो असतो तर चहाच्या दुकानातला माझा मुद्दा लंगडा पडला असता. असं मी ठरवून केलं नव्हतं. पण झालं होतं तसंच.

पुढचा ट्रक थांबला म्हणून मीही थांबलो. मी तिला म्हणालो, "तुझा भाऊ फुकट गेला नाही."

हे मला सिद्ध करून दाखवता येणार नाही. ती लढाई योग्य होती का, टाळता आली असती का, त्या डोंगरावर त्या सकाळी तो नसता तर काय बिघडलं असतं, याचा हिशोब मला आजही लागत नाही आणि चहाच्या दुकानात कुणी विचारलं तर मी आता आधीसारखा फडाफडा बोलतही नाही. पण ते वाक्य मी मनापासून बोललो. बोलताना माझ्यासमोर देश नव्हता, सीमा नव्हती, लेथसमोर उभा राहून हसणारा तो पोरगा होता.

ती रडली. मोठ्याने नाही, पण खूप वेळ. तो गेला तेव्हा ती आईला सावरण्यात गुंतलेली होती, नंतर संसारात, आणि माझ्यासमोर अशी ती कधी रडली नव्हती. मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मी गाडी कडेला घेतली.

डोळे पुसून झाल्यावर तिने पदराकडे बघितलं. त्याला तेलाचे आणि कुंकवाचे डाग पडले होते. ते तिने आत दुमडून घेतले.

"परवा त्या माणसाला नाही सांगा," ती म्हणाली. "तुमच्या तोंडून ते ऐकलं. आता नाही घेतलं काम तरी चालेल मला."